पर्वताच्या पाठीशीं वसलेला देश

आमच्या घरांतील धाकटा पुतण्या यंदां सातव्या इयत्तेंत गेला. तो भूगोलाचा अभ्यास करावयास बसला म्हणजे एकटा कधींच बसत नाहीं. घरांतील चार वडील माणसांस बरोबर ओढून घेतो. दिवाळीच्या सुट्टीपूर्वीं एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यानें माजघरांत नकाशांचें पुस्तक पसरलें आणि दक्षिण अमेरिकेच्या पानावर बोट ठेवून विचारलें, "काका, ह्या डोंगराच्या उजव्या अंगाला एवढें हिरवें रान आहे, आणि डाव्या अंगाला लगेच पिवळें वाळवंट. आकाश तर दोन्हीकडे एकच ना? मग पाऊस एकाच बाजूला कां?"

आम्ही घसा खाकरून पुस्तकी उत्तर देण्याच्या तयारीस लागलों होतों. इतक्यांत कोपऱ्यांत फुलवाती वळीत बसलेल्या आमच्या आत्याबाई मान वर न करतां म्हणाल्या, "त्यांत एवढें विचारावयाचें काय? महाबळेश्वर आणि म्हसवड!"

आत्याबाईंच्या संसाराचीं पहिलीं वर्षें म्हसवडास गेलीं. त्यांचे यजमान तेथें शिक्षक होते आणि १९७२ सालचा दुष्काळ त्या दोघांनीं तेथेंच काढला. अँडीज पर्वताचा सगळा पर्जन्यविचार त्यांनीं तीन शब्दांत सांगून टाकला. पुतण्याचें समाधान झालें व तो झोंपावयास गेला. आमचें मात्र झालें नाहीं. दोन पर्वतांच्या पाठीशीं वसलेल्या त्या दोन देशांनीं मग आम्हांस पुष्कळ दिवस नादीं लावलें. पुस्तकें चाळून झालीं, आणि मार्गशीर्षांत आत्याबाईंस घेऊन म्हसवडास जाऊनही आलों. त्यांतून जें हातीं लागलें तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम घरचा डोंगर पाहूं. अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतात, वर चढतां चढतां थंड होतात, आणि आपलें बहुतेक पाणी तेथेंच टाकून देतात. महाबळेश्वरीं वर्षाकांठीं सव्वादोनशें इंचांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे सरळ रेषेंत पाऊणशें-ऐंशीं मैलांवर म्हसवड आहे. तेथें वीस इंच पाऊस झाला तर वर्ष चांगलें गेलें असें म्हणतात. दोन्ही गांवें एकाच सातारा जिल्ह्यांत! आषाढांत म्हसवडावरून ढग जात नाहींत असें नाहीं. चांगले काळे ढग जातात. पण लग्नघरीं जेवून तृप्त झालेला पाहुणा जसा दुसऱ्या घरीं ताटावर बसत नाहीं, तसे ते येथें थांबत नाहींत. जो कांहीं पाऊस पडावयाचा तो बहुधा परतीच्या वाऱ्यांबरोबर भाद्रपद-आश्विनांत पडतो, आणि तोही एखाद्या वर्षीं पाठ फिरवितो.

सह्याद्रीपासून फुटून पूर्वेकडे व आग्नेयेकडे गेलेली शंभूमहादेवाची रांग हा या देशाचा कणा होय. उत्तरेस भीमेचें खोरें आणि दक्षिणेस कृष्णेचें, यांमधील पाणलोट हीच रांग निराळा करते. तिच्यावर सुमारें साडेतीन हजार फूट उंचीवर शिखर शिंगणापूर आहे. तेथील शंभूमहादेव पुष्कळ महाराष्ट्रीय घराण्यांचें, आणि भोसल्यांचेंही, कुलदैवत असल्यामुळें त्याची ओळख वाचकांस करून द्यावयास नको. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांनीं तेथें यात्रेकरूंसाठीं तळें बांधविलें. म्हणजे पाण्याची ओरड तेव्हांही होतीच. याच डोंगरांत कुळकजाईजवळ माण नदी उगम पावते. दहिवडी, म्हसवड यांवरून ती आटपाडीच्या सीमेनें सांगोला व मंगळवेढें या मुलखांत उतरते, आणि सुमारें शंभर मैल चालून पंढरपूर तालुक्यांत सरकोलीजवळ भीमेस मिळते. भाविक तिला माणगंगा म्हणतात. या गंगेचें पात्र वर्षांतील बहुतेक महिने कोरडें असतें. तिच्या दोन्ही तीरांवरील मुलूख तो माणदेश. हल्लीं तो सातारा, सांगली व सोलापूर अशा तीन जिल्ह्यांत वांटला गेला आहे. त्यांपैकीं सांगली जिल्हा तर १९४९ सालीं दक्षिण सातारा या नांवानें जन्मास आला, आणि १९६० सालीं त्याचें नामांतर झालें. सरकारी नकाशावर 'माणदेश' असें कोठेंही लिहिलेलें नाहीं. तरी तेथील माणसास विचारलें तर तो जिल्ह्याचें नांव मागाहून सांगेल.

आतां पेरूचा देश घ्यावा. येथें सर्व गोष्टी आरशांत दिसाव्या तशा उलट. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कांठानें सुमारें साडेचार हजार मैल पसरलेला अँडीज पर्वत हा जमिनीवरील सर्वांत लांब पर्वत होय. त्याचें सर्वोच्च शिखर अकोंकाग्वा सुमारें तेवीस हजार फूट उंच, म्हणजे आपल्या शिंगणापुरावर आणखी पांच-सहा शिंगणापुरें रचावीं एवढें. पेरूंत पावसाचे वारे पश्चिमेकडून न येतां पूर्वेकडून, अटलांटिक महासागरावरून अमेझॉनचें अरण्य ओलांडून येतात. म्हणून पूर्वेकडील उतारावर कांहीं ठिकाणीं दोनशें इंचांहूनही अधिक पाऊस पडतो, आणि पश्चिमेकडे समुद्राच्या कांठावर वसलेल्या लिमा या राजधानीच्या शहरास वर्षांत एक इंचही पाऊस मिळत नाहीं! त्यांत पुन्हां त्या किनाऱ्यालगत हुंबोल्टचा थंड प्रवाह वाहतो, आणि थंड पाण्यावरील हवा वर चढत नाहीं. म्हणजे एका बाजूनें पर्वतानें अडविलें, दुसऱ्या बाजूनें समुद्रानें. त्या मानानें म्हसवडावर दैवाची थोडी दयाच म्हणावयाची.

येथें एक आडवळण घेतल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं, व गृहिणींस तें आवडेल अशी खात्री आहे. आपल्याकडे एकादशीस सोवळेपणानें जो उपवासाचा स्वयंपाक होतो, त्याची वंशावळ कोणी पाहिली आहे काय? बटाटा तिकडील, पेरू-बोलिव्हियाच्या पठारावरचा. भुईमूग बोलिव्हियाच्या बाजूचा. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो ब्राझीलकडचा. रताळें अमेरिकेचें, राजगिरा अमेरिकेचा, आणि खिचडींत घातलेली हिरवी मिरचीही तिकडचीच. 'बटाटा' हा शब्दसुद्धां पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आला. कोलंबसापूर्वींचे आपले पूर्वज उपवासाला काय खात असतील? बहुधा वऱ्याचे तांदूळ खाऊन, उरलेला उपवास खरोखरीचा करीत असतील. ही माहिती आम्ही आत्याबाईंस दिली तेव्हां त्या क्षणभर स्तब्ध राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "म्हणजे त्या लोकांचें आपल्यावर देणें आहे म्हणावयाचें."

असो. पर्वताच्या पाठीशीं राहणाऱ्या माणसानें जगावें कसें, हा खरा प्रश्न. अँडीजमधील लोकांनीं त्याचें उत्तर उभ्या दिशेनें शोधलें. जॉन मुर्रा या अभ्यासकानें १९७२ सालीं असें दाखवून दिलें कीं, तेथील एकेक समाज आपलीं शेतें एकाच ठिकाणीं ठेवीत नसे. खालच्या उष्ण दरींत मका, त्यावर थंड उतारावर बटाटा, आणि त्याहून वर गवताळ माळावर लामा व अल्पाका यांचे कळप, अशी त्याची वांटणी असे. कांहीं घरें वर जात, कांहीं खालीं, आणि पीक एकमेकांस पोंचवीत. एका उंचीवर हिंव पडलें तर दुसरीवरचें तरी हातीं लागे. माणदेशास असा उंचसखल पर्वत मिळाला नाहीं. म्हणून त्यानें तेंच उत्तर आडव्या दिशेनें शोधलें. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे मेंढरें हांकीत निघतात. कोणी कृष्णाकांठच्या काळ्या जमिनींकडे, तर कोणी घाट उतरून कोंकणांत. शेतकऱ्याच्या रानांत मेंढरें बसवावयाचीं, त्यांच्या लेंडीखताच्या मोबदल्यांत धान्य घ्यावयाचें, आणि मृगाच्या सुमारास घरीं परतावयाचें. मेंढीची लोंकर सणगरांच्या मागावर जाऊन तिचीं घोंगडीं होतात. अल्पाकाच्या लोंकरीचीं वस्त्रें आज जगाच्या बाजारांत मोलानें विकलीं जातात. आपल्या घोंगड्याला तो मान मिळाला नाहीं, एवढाच फरक.

धनगरच नव्हे, सगळा माणदेशच या ना त्या रीतीनें बाहेर पडत आला आहे. पूर्वीं तरवार घेऊन पडला. म्हसवडचे देशमुख माने हें घराणें आदिलशाही, मोगलाई व मराठेशाही अशा तिन्ही दरबारांत वावरलेलें. त्यांतील नागोजी मान्यांचें नांव इतिहासांत ज्या कारणानें राहिलें तें मात्र भूषणावह नाहीं. औरंगजेबाच्या फौजांस ज्यानें वर्षानुवर्षें झोंप येऊं दिली नाहीं, तो सेनापति संताजी घोरपडे १६९७ सालीं स्वकीयांच्या दुहीमुळें एकाकी पडून याच शंभूमहादेवाच्या डोंगरांत फिरत असतां नागोजीनें त्यास गांठून मारिलें. नागोजीच्या पत्नीच्या भावास संताजीनें हत्तीच्या पायीं दिलें होतें, त्याचा हा सूड, असें सांगतात. सूड असेल, परंतु ज्या मुलखांत जमीन पोटास पुरत नाहीं, तेथें वतन आणि चाकरी यांवरच घराणीं तगतात, आणि चाकरी बदलली कीं निष्ठाही बदलते, हेंही विसरतां येत नाहीं. आमचें हें मत सर्वांस पटेल असा आग्रह नाहीं.

पुढें तरवारीचे दिवस गेले. खानापूर-आटपाडीकडील माणसें सोनें-चांदी गाळण्याचा म्हणजे गलाईचा धंदा घेऊन हिंदुस्थानभर पसरलीं. कोणी मुंबईच्या गिरण्यांत गेलीं, कोणी दरवर्षीं ऊसतोडीस जातात. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ सालीं पुस्तकरूपानें आली. ती ज्यांनीं वाचली असेल त्यांस दुष्काळांत गांव कसा ओस पडतो हें निराळें सांगावयास नको. ते स्वतः आटपाडी तालुक्यांतील माडगुळ्याचे. याच मातींतली, माण तालुक्यांतील मोही गांवची ललिता बाबर २०१६ सालीं रिओ येथील ऑलिंपिकमध्यें तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतींत अंतिम फेरीपर्यंत पोंचली व दहावी आली. माणदेश दक्षिण अमेरिकेस पोंचला तो असा, पायीं धांवत!

परंतु सर्वांनाच निघून जातां येत नाहीं. म्हातारीं माणसें, लहान मुलें, दावणीचीं जनावरें मागें राहतात. त्यांच्यासाठीं वाईट वर्षाची तरतूद कोणी करावयाची? इंका राज्यकर्त्यांनीं ही जबाबदारी राज्याची मानली होती. डोंगरांच्या वाऱ्याच्या अंगास ओळीनें बांधलेलीं त्यांचीं दगडी कोठारें आजही उभीं आहेत. त्यांत मका असे, उन्हांत वाळविलेलें मांस असे, आणि रात्रींच्या हिंवांत गोठवून, दिवसां पायांनीं तुडवून पाणी काढून टाकलेला वाळका बटाटा असे. असा बटाटा वर्षानुवर्षें टिकतो. लिपी नसलेल्या या लोकांनीं कोणत्या कोठारांत काय आहे याचा हिशेब दोरांना गांठी मारून ठेविला होता. मात्र हें सगळें धर्मार्थ होतें असें समजूं नये. तीं कोठारें रयतेच्या सक्तीच्या श्रमांनींच भरत, आणि त्यांतलें पुष्कळसें फौजेच्या पोटांत जाई. तरीही पीक बुडालें म्हणजे त्याच कोठारांचीं दारें उघडत. १५३२ सालीं पिझारोनें अताहुआल्पा राजास पकडलें. पुढें स्पॅनिश लोकांनीं श्रमांची ती सक्ती तेवढी ठेविली आणि कोठारें मोडूं दिलीं. १५४५ सालीं पोतोसीच्या डोंगरांत रुपें सांपडलें, आणि जी वेठ पूर्वीं धान्य पिकवीत होती ती खाणींत उतरली.

आपल्याकडील १८७६-७७ चा दुष्काळ वाचूं लागलों म्हणजे हें आठवल्यावांचून राहत नाहीं. १८७६ सालीं दख्खनेंत पाऊस बुडाला. सातारा व सोलापूरच्या पूर्वभागांस सर्वांत जबर तडाखा बसला. १८७७ च्या पहिल्या दिवशीं दिल्लीस राणीला सम्राज्ञीपद जाहीर करणारा दरबार भरला. त्याच महिन्यांत दुष्काळी कामांवरील मजुरी कमी करून पुरुषास दिवसास एक रत्तल धान्य व एक आणा अशी ठरविण्यांत आली, आणि धान्य तर विलायतेस जातच होतें. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गांवोगांवच्या हकीकती गोळा करून सरकारपुढें ठेविल्या. मजुरांनींही कमी मजुरीवर काम करण्याचें नाकारलें. म्हसवडजवळ राजेवाडीचा जो विस्तीर्ण तलाव आहे त्याचें काम याच दुष्काळांत सुरू झालें. एक रत्तल धान्यावर ज्यांनीं त्याची माती वाहिली, त्यांच्यापैकीं किती जण त्याचें पाणी पाहावयास उरले असतील कोण जाणे. आणि पाणी सांठलें तें तरी कोणासाठीं? फुगवटा माण तालुक्याच्या बाजूस, आणि कालव्यानें भिजणारी जमीन खालीं आटपाडी-सांगोल्याकडे. ज्यांचीं शेतें पाण्याखालीं गेलीं त्यांनीं कांठावर उभें राहून पाहावें! ही तक्रार आम्हीं म्हसवडास अगदीं कालची असावी अशा कडवटपणानें ऐकली. भूगोल म्हणतो कीं पाणी उताराकडेच जाणार. त्यावर म्हसवडकर काय म्हणतात तें येथें छापण्याजोगें नाहीं.

आतां या दोन देशांना जोडणाऱ्या एका अदृश्य धाग्याकडे वळूं. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरील कोळ्यांना फार पूर्वींपासून ठाऊक होतें कीं, नाताळच्या सुमारास कधीं कधीं समुद्राचें पाणी ऊन होतें आणि मासळी नाहींशी होते. येशूच्या जन्मदिवसांत येणारें म्हणून या गरम पाण्यास त्यांनीं 'एल निन्यो', म्हणजे 'बाळ' असें नांव ठेविलें. इकडे हिंदुस्थानांत १९०४ सालीं केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर वेधशाळांचे मुख्य अधिकारी होऊन आले. मान्सून कोणत्या वर्षीं दगा देईल याचा आधीं सुगावा लागावा म्हणून त्यांनीं जगभरचीं हवेच्या दाबाचीं टिपणें गोळा केलीं, आणि त्यांस असें दिसून आलें कीं, पॅसिफिक महासागरावरील दाब आणि हिंदी महासागरावरील दाब हे तराजूच्या दोन पारड्यांसारखे खालींवर होतात. पुढें १९६९ सालीं बियर्कनेस या शास्त्रज्ञानें हें पारडें आणि पेरूजवळचें गरम पाणी यांची सांगड घालून दिली. वॉकर यांची कचेरी सिमल्यास होती. १९२८ सालीं ती पुण्यास आली, आणि शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीस जुने पुणेकर आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात. पेरूच्या कोळ्यांचें बाळ आणि पुण्याचें सिमला ऑफिस यांची अशी सोयरीक आहे.

परंतु सर्व खापर या बाळाच्या माथीं फोडणें बरें नव्हे. १८७७ च्या मध्यापासून पॅसिफिकचें पाणी विलक्षण तापलें, पेरूच्या उत्तरेकडील वाळवंटांत पूर आले, ब्राझीलच्या ईशान्य भागांत लोक तहानेनें मेले, हें खरें. पण आपल्या दख्खनेंतला पाऊस त्याच्या आधींच्या सालीं बुडाला होता. उलट १९९७ सालीं पॅसिफिकचें पाणी अत्यंत तापलें असतांही हिंदुस्थानांत पाऊस ठीक झाला. पाऊस कां पडला नाहीं हें समुद्र आणि पर्वत सांगूं शकतील. माणूस उपाशी कां राहिला हें त्यांना विचारून उपयोग नाहीं. १९७२ सालीं मात्र दोन्ही टोंकें एकदम ओढलीं गेलीं. पॅसिफिक तापला, पेरूची मासेमारी, जी त्या काळीं जगांत पहिली गणली जाई, ती कोसळली, आणि आधींच दोन वर्षें कोरडा गेलेला महाराष्ट्र होरपळून निघाला.

त्या वर्षाविषयीं आत्याबाई सहसा बोलत नाहींत. म्हसवडास जातांना, दहिवडी मागें पडल्यावर, त्या आपण होऊन बोलूं लागल्या. शिधावाटपाच्या दुकानांत अमेरिकेची तांबडी ज्वारी, मिलो, येई. तिची भाकरी थापली तर हातांत तुटे. कामांवर सुकडी वांटीत. यजमानांच्या वर्गांतील पटावर नांवें पुष्कळ, पण मोठीं मुलें सगळीं आईबापांबरोबर खडी फोडावयास गेलेलीं. शेजारची एक बाई संध्याकाळीं कामावरून परत आली म्हणजे आत्याबाईंच्या पायरीवर बसे, आणि आत्याबाई तिच्या हातांच्या फोडांवर तूप लावीत. तिच्या घरचे खिलारी बैल वैरणीअभावीं कवडीमोलानें विकले गेले, तेव्हां दोन दिवस त्या घरीं चूल पेटली नाहीं. "घरांत दाणे नव्हते म्हणून नव्हे हो," आत्याबाई म्हणाल्या, "दाणे होते. कोणाला जेवावेंसें वाटेना." मग बऱ्याच वेळानें, खिडकींतून बाहेर पाहत, "आमच्या घरीं महिन्याच्या महिन्यास पगार येत होता. म्हणून आमचा दुष्काळ पाण्यापुरताच राहिला. आम्हीही दुष्काळ काढला असें मी सगळ्यांना सांगतें खरी. पण तो आम्ही काढलेला नव्हे, आम्ही पाहिलेला."

यावर आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं.

त्या दुष्काळांतून एक गोष्ट मात्र टिकाऊ निघाली. तासगांव तालुक्यांतील विसापूरचे वि. स. पागे विधानपरिषदेचे अध्यक्ष होते. मागेल त्यास काम द्यावें, ही त्यांची कल्पना; तिचा प्रयोग १९६५ सालीं त्यांच्या गांवीं झाला होता. १९७२ मध्यें ती योजना सर्व राज्यांत लागू झाली, १९७७ सालीं तिचा कायदा झाला, आणि २००५ सालीं सबंध देशासाठीं जो रोजगार हमीचा कायदा झाला त्याच्या मुळाशीं हीच कल्पना आहे. काम मागणें हा भीक मागण्याचा प्रकार नसून हक्क आहे, हा विचार इंकांच्या कोठारांहूनही एक पायरी वरचा आहे, असें आम्हांस वाटतें. जनावरांचा प्रश्न मात्र पुष्कळ वर्षें तसाच राहिला. २०१२-१३ च्या दुष्काळांत म्हसवडास माणदेशी फाउंडेशननें मोठी चारा छावणी चालविली, आणि माणसें बैलगायींसकट तेथें येऊन राहिलीं. बायकांची माणदेशी सहकारी बँकही याच म्हसवडची, १९९७ सालची. बँकेचा पहिला अर्ज प्रवर्तक स्त्रियांचे अंगठे पाहून नामंजूर झाला होता. तेव्हां त्या अक्षरें शिकल्या आणि पुन्हां अर्ज घेऊन गेल्या.

अलीकडे मनुष्यानें पर्वताशीं थेट वादच मांडला आहे. पेरूंत ओल्मोस येथें अँडीजच्या पोटांतून सुमारें साडेबारा मैलांचा बोगदा खोदून अमेझॉनकडे जाणारें पाणी वाळवंटाकडे वळविलें; २०१४ सालीं तें पाणी कालव्यांत आलें. आपल्याकडे टेंभू, उरमोडी, जिहे-कठापूर या योजना कृष्णेच्या खोऱ्याचें पाणी पंपांनीं उचलून डोंगरापलीकडे माणदेशांत आणतात. ज्या पाणलोटानें आजवर दोन खोरीं निराळीं ठेविलीं, तो आतां विजेच्या बळावर ओलांडला जात आहे. वीज थांबली कीं पाणीही थांबतें, आणि विजेचें बिल कोणी भरावयाचें हा वाद पावसाइतकाच नेमानें दरवर्षीं येतो. तिकडे ओल्मोसलाही पाणी मोठ्या मळेवाल्यांना मिळालें, लहान शेतकऱ्यांच्या वांट्यास कमी आलें, अशी कुरबूर आहेच.

आम्ही म्हसवडास पोंचलों तो मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेचा दिवस. सिद्धनाथ व जोगेश्वरी यांच्या रथाची यात्रा या दिवशीं भरते. रथावर गुलालाचा आणि खोबऱ्याचा वर्षाव चालला होता, आणि लांबलांबचे धनगर खांद्यावर घोंगडें टाकून आले होते. आत्याबाईंच्या काळीं ही सगळी यात्रा नदीच्या पात्रांत भरत असे; पाळणे, मिठाईचीं दुकानें, बैलगाड्या, सर्व कांहीं वाळूंत. तो देखावा आम्हांस दाखवावा म्हणून त्या मोठ्या उत्साहानें आम्हांस कांठावर घेऊन गेल्या. पात्रांत पाणी होतें. फार नव्हे, गुडघाभर असेल, पण या तीरापासून त्या तीरापर्यंत होतें. दुकानें सगळीं वर रस्त्याच्या कडेला दाटीनें बसलेलीं.

आत्याबाई पुष्कळ वेळ त्या पाण्याकडे पाहत राहिल्या. मग खालीं उतरून त्यांनीं ओंजळींत पाणी घेतलें, डोळ्यांना लावलें, आणि वर येऊन थोड्याशा तक्रारीच्या सुरांत म्हणाल्या, "अरे, पण मग पाळणे लावायचे तरी कोठें?"